शिळं माप

११ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण साष्टांग घालायला गुडघे लागतात आणि माझे संपले. तेव्हा उभ्याउभ्याच घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन केला की तू "बरं आहे ना?" म्हणतेस, मी "बरं आहे" म्हणते, आणि तू ठेवून देतेस. आपलं शिवणाचं दुकान बंद झालं, तू परगावी मुलाकडे राहायला गेलीस, त्याला सात वर्षं झाली. एवढ्या काळात आपण याहून जास्त बोललो नाही. पत्र काही असं मधेच ठेवून देता येत नाही. फार तर फाडशील. पण कापडाची चिंधीसुद्धा कधी न फेकणारी बाई तू, अख्खा कागद कशी फाडशील?

तर बातमी अशी की माझा उजवा गुडघा गेला. बेतायच्या टेबलाशी जन्मभर उभं राहून गेला असं माझं म्हणणं. डॉक्टर म्हणतात, असं एकच कारण कधी नसतं. वय असतं, वजन असतं, घराणं असतं. तुझ्या लेकीने मला हाताला धरून त्यांच्याकडे नेलं. रस्ताभर मी तिला सांगत होते, "एवढं काही झालेलं नाही गं," आणि फुटपाथ चढताना तिच्याच खांद्यावर सगळा भार टाकत होते. गुणी आहे हो पोरगी. तुझ्यावर अजिबात गेलेली नाही.

डॉक्टर चांगले उंचेपुरे आहेत, पण त्यांचा कोट बघवत नाही. बाह्या अंगठ्यापर्यंत आणि खांदा उतरून दंडावर आलेला. ते माझा गुडघा बघत होते आणि मी त्यांचा खांदा. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी ती मिटली आहे. मधली गादी झिजली, आता हाडावर हाड घासतं. म्हणाले, "आजी, गुडघा बदलावा लागेल."

मी म्हटलं, "आमची आई म्हणायची, माझी अक्कल गुडघ्यात आहे. बदललात तर तीही जाईल का?"

तुझी लेक जमिनीकडे बघायला लागली. डॉक्टर मात्र हसले. म्हणाले, "जुनी बाजूला काढून ठेवू, जाताना घेऊन जा."

मग त्यांनी माझी मांडी चाचपली आणि विचारलं, हे हाड कधी मोडलं होतं का? ताई, तिथेच तुझी आठवण आली. शाळेमागची भिंत. मी पडले आणि तू मला पाठीवर घेऊन घरी निघालीस. तू तरी केवढी होतीस, माझ्याहून दीडच वर्षांनी मोठी. वाटेत मला खाली ठेवलंस, बसून रडलीस, नाक पुसलंस आणि पुन्हा उचललंस. मी आपणहून चढले होते, पण घरी गेल्यावर आईला सांगितलंस की भिंतीवर तूच मला चढवलं होतंस, म्हणून मार तुला बसला. हाड जुळलं पण जरा वाकडं जुळलं, आणि पाय बोटभर आखूड राहिला. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं, मार तेवढा वगळून.

त्या वाकड्या हाडामुळेच त्यांनी वेगळी पद्धत काढली आहे. नेहमी म्हणे मांडीच्या हाडात आतून एक लांब सळई घालतात आणि तिच्या अंदाजाने हाड कुठे कापायचं ते ठरवतात. माझ्या हाडात सळई सरळ जायचीच नाही. म्हणून आधी खुब्यापासून घोट्यापर्यंत पायाचा स्कॅन काढायचा, त्यावरून कॉम्प्युटरवर माझं हाड जसंच्या तसं उभं करायचं, आणि त्या हाडावर नेमका बसेल असा साचा करून घ्यायचा. त्याला गाइड म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी तो साचा हाडावर ठेवायचा आणि त्याच्या खाचेतून करवत चालवायची. साचा माझ्याच हाडावर बसणार, आणि एकाच जागी बसणार.

मी म्हटलं, "डॉक्टर, हे तर आमचं बेतणं झालं. आधी माप, मग कागद, मग कात्री."

ते म्हणाले, "अगदी तसंच. फक्त चुकलं तर उसवता येत नाही."

मला माणूस आवडला. कोटाचं बघू पुढे.

तुझी,
कात्री

(दुसरं कुणी या नावाने हाक मारत नाही. तूच मारायचीस, म्हणून लिहिलं.)


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि तुझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

काल स्कॅन झाला. एका मोठ्या गोल यंत्रात पाय घालून निजवतात आणि काचेपलीकडून सांगतात, हलू नका. मला हसू आलं. तू टाचण्या ओठांत धरून गिऱ्हाइकांना हेच सांगायचीस, "हलू नका, टोचेल." ओठांत टाचण्या असूनही तुझं बोलणं सगळ्यांना कळायचं. आणि आता ओठांत काही नसताना तू बोलत नाहीस.

पडल्यापडल्या मी मनाने दुकानात जाऊन आले. खिडकीशी तुझं मशीन, मधे माझं टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत टांगलेले खाकी कागदाचे बेत. एकेका कागदावर एकेक माणूस. नावं आपण कधी लिहिली नाहीत. "तिरका खांदा", "पोटवाले मास्तर", "बँकेतली लांब मान". एकदा पोटवाले मास्तर स्वतःच आत आले आणि स्वतःचा कागद वाचून गेले, आठवतं? तू मशीनखाली हरवलेली रिळं शोधत बसलीस ती मास्तर रस्ता ओलांडेपर्यंत वर आलीच नाहीस. मला तोंड द्यायला लावलंस. मास्तर भले माणूस. म्हणाले, "पोट आहे ते आहे, कोट नीट बसतो ना, मग झालं."

आणि तू मशीनला मोटर कधी बसवू दिली नाहीस. म्हणायचीस, मोटर पुढे पळते, हात मागे राहतो. तुझ्या पायाचा तो एकसारखा आवाज मला अजून ऐकू येतो. तो थांबला की मी टेबलावरून मान वर करायचे. आता घरात आवाज नाही, त्यामुळे मान कुठे वर करायची तेच कळत नाही.

स्कॅनवाल्या मुलीने एक गोष्ट सांगितली. हे माप सहा महिने चालतं. तेवढ्यात ऑपरेशन करून घ्यायचं. उशीर झाला तर हाड आणखी झिजतं, साचा नीट बसत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. तुझा नियम! "सहा महिन्यांनी माप शिळं होतं, परत घ्या." नवरीमुलगीसुद्धा सुटली नाही त्या नियमातून. मी त्या मुलीला म्हटलं, आमच्या ताईने तुमच्या आधी शोधून काढलंय हे. तिला वाटलं तू डॉक्टर आहेस. मी तिचा गैरसमज काही दूर केला नाही.

म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत. तोवर तू ये. मला भीती वाटते, ताई. कापाकापीची नाही, ती तर मी जन्मभर केली. भूल उतरल्यावर डोळे उघडतील तेव्हा समोर कोण असेल याची वाटते.

तुझी कात्री


१४ एप्रिल

ताई,

मी ऑपरेशन करणार नाही. विषय संपला.

साचा आला म्हणून डॉक्टरांनी बघायला बोलावलं. पांढुरका, हलका, साबणाच्या वडीएवढा. बरोबर माझ्या हाडाचं टोकही होतं, तसंच छापलेलं, डॉक्टरांना बघायला म्हणून करतात. ताई, माझंच हाड माझ्या हातात. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने मोलकरणीने घासून घासून कड गेलेल्या भांड्यासारखं. मी साचा हाडावर ठेवला. इकडे तिकडे सरकवला, बसेना. मग जरासा फिरवला आणि खट्कन बसला. हलवून पाहिला, हलेना. खांद्याचा जोड पहिल्या फटक्यात बसला की पोटात कसं गार वाटायचं, अगदी तसं वाटलं. मला तर नाचावंसं वाटलं, पण नाचायचं तरी कशावर.

डॉक्टर खरं बोलणारे आहेत. म्हणाले, "आजी, या साच्याने जादू होते असं समजू नका. साध्या अवजारांनीही ऑपरेशनं छान होतात, बहुतेकांची तशीच करतो. तुमचं हाड वाकडं म्हणून तुमच्यासाठी हे." मी म्हटलं, बेतणाऱ्याला तुम्ही बेताचं काय सांगता. आणि मग माझ्या तोंडून सहज गेलं, "आणि गुडघा? तोही माझ्याच मापाने करून घेतलात ना?"

ते म्हणाले, "नाही, गुडघा तयार येतो. नंबर असतात. कॉम्प्युटरने तुमचा चार सांगितलाय. आजूबाजूचे नंबरही आम्ही हाताशी ठेवतो."

रेडिमेड!

मी काठी घेतली आणि उठले. "मला नको." तुझी लेक म्हणते, "अगं मावशी, पण..." मी म्हटलं, पण नाही नि बिण नाही. मी काठी आपटत बाहेर आले. ती बिचारी रिक्षा शोधत होती आणि मी तिला सांगत होते की तुझ्या आईचा आणि या डॉक्टरचा आतून काहीतरी संबंध असणार.

तूच आठव ना. तू एका सकाळी हँगरला लावलेले तीन फ्रॉक घेऊन आलीस. लहान, मध्यम, मोठा. म्हणालीस, यापुढे असे तयार आणून ठेवू, माप घेणं बंद, बेतणं बंद. मी म्हटलं, "माणसं काय तीन मापांची असतात?" तू म्हणालीस, "तीन मापांत शंभर माणसं बसतात." मी म्हटलं, "बसतात, शोभत नाहीत." आणि मग जे झालं ते गल्लीने ऐकलं. महिन्याच्या आत दुकानाला कुलूप लागलं. ज्या गोष्टीपायी माझी ताई गेली, तीच आता माझ्या पायात घालायची म्हणतात. डॉक्टर तुझ्या पक्षाचे निघाले. खूश हो.

साचा राहील तिथेच कपाटात पडून. आपल्याकडे न नेलेल्या कपड्यांचा एक कप्पा होताच की.

कात्री


३० एप्रिल

ताई,

कार्ड मिळालं. पत्त्यावरचं अक्षर बघूनच मी पायरीवर बसले, आणि मग उठता येईना म्हणून तिथेच बसून वाचलं. वाचायचं तरी काय? दोन शब्द.

"कितवा नंबर?"

सात वर्षांनी दोन शब्द, आणि तेही चेष्टेचे! आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. मग हसायला आलं. मग इतकं हसले की शेजारीण बाहेर आली आणि तिनेच मला हाताला धरून उठवलं. उत्तर काल लिहिणार होते, पण काल रडण्यात गेला.

चार. कळलं? पत्रात लिहिलंच होतं. म्हणजे तू नीट वाचत नाहीस, किंवा पुन्हा लिहून घेण्यासाठी विचारतेस. दोन्ही तुझ्या स्वभावात बसतं.

आता तू एवढं बोललीसच आहेस तर मीही एक सांगते. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा आपण दोघी ओरडत होतो, आणि ही गोष्ट ओरडून सांगता येत नव्हती. माझ्या प्रत्येक कपड्याची उजवी दुमड तू बोटभर जास्त घालायचीस. शाळेच्या गणवेशापासून. आईनेही कधी बोलून दाखवलं नाही आणि तूही नाही. घडी अशी फिरवायचीस की मी उभी राहिले की दोन्ही काठ एका रेषेत. लोकांना माझं चालणं थोडं डुलतं एवढंच दिसायचं, पाय आखूड आहे हे कुणाला कळलं नाही. मला स्वतःलाही कित्येकदा विसरायला व्हायचं.

तू ते तीन फ्रॉक टेबलावर ठेवलेस, आणि मला धंदाबिंदा काही दिसला नाही. मला एवढंच वाटलं की आता माझी दुमड कोण घालणार.

सात वर्षं मी बाजारातल्या तयार विजारी घालते. उजवी बाजू घोट्याखाली लोळते. तिच्यात पाय अडकून ठेच लागली की आधी ती दुमड दिसते आणि मग तू.

तुझी कात्री


८ जून

ताई,

आज मी खरोखरच रागावले आहे, चेष्टा नाही.

परवा तुझी लेक आली होती. मी तिला कौतुकाने माझी नवी युक्ती दाखवली. पायऱ्या पुढून उतरताना गुडघ्यात सुरी फिरते, म्हणून मी हल्ली कठडा धरून उलटी उतरते. पाठ रस्त्याकडे, तोंड घराकडे. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आईपण अशीच उतरते. कित्येक वर्षं झाली. मला तर वाटायचं, म्हातारपणी पायऱ्या अशाच उतरायच्या असतात."

मी म्हटलं, कित्येक म्हणजे किती? ती म्हणाली, "दुकान होतं तेव्हापासून."

ताई! दुकानाच्या पुढच्या पायऱ्या! रोज संध्याकाळी कुलूप लावून तू त्या उलट्या उतरायचीस. मी हसायचे. तू म्हणायचीस, "कुलपाकडे बघत उतरलं की नीट लागलंय ना ते कळतं." मी खरं मानलं. सगळ्या गल्लीने खरं मानलं. शेजारचा घड्याळवालासुद्धा तसा उतरायला लागला होता.

आता एकेक आठवतं. मशीनवरून उठताना टेबलाची कड धरायचीस. शेवटी शेवटी मशीनच्या पायट्याचा आवाज मधेच थांबायचा, मी मान वर करायचे आणि तू म्हणायचीस, "दोरा तुटला." एवढा दोरा कसा तुटतो गं तुझा, असं मी विचारायचे. रीळ बदलून आणली मी, दोनदा दुकानदाराशी भांडले. दोऱ्याचं काही नव्हतंच. तुला पाय मारवत नव्हता.

म्हणून तुला तयार कपडे हवे होते ना? बाहेरून शिवून आणून विकायचे, म्हणजे मशीनवर बसायला नको. मला म्हणालीस धंदा बदलायला हवा. जग बदललं, लोकांना वेळ नाही, अमुक आणि तमुक. गुडघा दुखतो एवढे दोन शब्द बोलली असतीस तर मी स्वतःच्या हाताने फ्रॉक टांगले असते हँगरला! नाही बोललीस. मार खाल्लास पण भिंतीवर मी आपणहून चढले ते नाही बोललीस, तीच तू.

मला फार वाईट वाटतंय. राग आहेच, पण त्याच्याखाली वाईट वाटतंय.

डॉक्टरांकडे गेले होते आज. म्हटलं, करा ऑपरेशन. ते म्हणाले, रेडिमेडचं काय ठरलं मग? मी म्हटलं, ज्या बाईने रेडिमेडची बाजू घेतली होती तिची बाजू मला उशिरा कळली. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी जुलैच्या शेवटी माझं नाव लावलं.

ये ना गं.

कात्री


२० जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. चक्क पाच ओळी. आता तू लिहिलेलं तुलाच लिहून पाठवते, म्हणजे वाचून तुझी तुलाच लाज वाटेल.

"प्रवास माझ्याने होत नाही. बसमध्ये पाय लांब करता येत नाही. तू करून घे, माप शिळं होऊ देऊ नकोस. दोरा तुटायचाच, अगदीच खोटं नव्हतं. तो साचा वापरून झाला की उकळत्या पाण्यातून काढून मला पाठव, आपलं माप एकच आहे, इथल्या डॉक्टरांना देईन."

ताई, मी हे डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसून हसून डोळे पुसायला लागले. नर्सलाही बोलावून ऐकवलं. चेष्टा म्हणून सोडून दिलं असतं, पण मी तुला ओळखते. निम्मी चेष्टा आणि निम्मं तू खरंच म्हणतेस. आणि खरं सांगू, क्षणभर मलाही पटलं. किती वर्षं आपण एकमेकींच्या अंगावर दुनियेचे कपडे उभे केले. गिऱ्हाईक आलं नाही की तू उभी राहायचीस, तुझ्या हातात सुई असली की मी. लोक जुळ्या समजायचे. मला वाटलं, बसेलही.

नाही बसणार, डॉक्टर म्हणाले. सख्ख्या बहिणी असोत नाहीतर जुळ्या, हाड ज्याचं त्याचं झिजतं. आणि माझं तर वाकडं. वापरलेला साचा पुन्हा वापरतही नाहीत. तुझं माप वेगळं घ्यावं लागेल, आणि तुझं हाड सरळ असेल तर कदाचित तुला साचा लागणारही नाही, साध्या अवजारांनी होईल.

पुढच्या आठवड्यात आहे. तुझी लेक रजा काढून थांबणार आहे. तू येत नाहीस हे कळलं. कारणही पटलं. तरी दाराकडे बघणार आहे, तेवढी सवलत दे.

कात्री


१७ ऑगस्ट

ताई,

झालं. मी जिवंत आहे, आणि चार नंबरच बसला.

कमरेखाली भूल दिली होती, गुंगीत होते, पण आवाज येत होते. ठोकाठोकी, करवत, भांड्यांचा खणखणाट. सुताराच्या दुकानात झोपल्यासारखं वाटलं. मधेच डॉक्टर म्हणाले, "बसला." मला वाटतं साच्याबद्दल म्हणाले. मी पडद्याच्या अलीकडून म्हटलं, "हलवून बघा." ते म्हणाले, "बघितला, आजी. हलत नाही."

डोळे नीट उघडले तेव्हा समोर तुझी लेक होती. ती आडवी होऊन खुर्चीत झोपली होती, तोंड उघडं, हात गालाखाली. हुबेहूब तू. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, तुझ्यावर गेलेली नाही म्हणून, ते मागे घेते. पण तू नव्हतीस. दार उघडलं की मी बघायचे, आणि दर वेळी चहावाली यायची.

दुसऱ्या दिवशी उभं केलं. व्यायाम घेणारी बाई आहे एक, गोड बोलून छळते. "वाकवा, अजून थोडं, अजून." दुखतं फार, पण हे दुखणं वेगळं आहे. आधीचं दुखणं आणखी दुखवायला यायचं, हे जायला आलं आहे असं वाटतं. पाय सरळ झाला. आखूड मात्र तेवढाच आहे. डॉक्टर म्हणाले, लांबीचं आम्ही काही केलं नाही, ते मांडीचं जुनं आहे. मी म्हटलं, त्याची व्यवस्था आमच्याकडे असते.

आणि आता मुद्द्याचं. त्या बाईने वॉकर दिला आणि मी वॉर्डमधून चालत होते, तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गुडघा तयार, नंबराचा. तो कुणालाही बसतो, तुझं म्हणणं. पण तो बसवायला हाड कापायचं ते मात्र माझं हाड मोजून, माझ्यापुरता साचा करून, माझं म्हणणं. दोन्ही एकाच पायात, आणि पाय चालतोय! सात वर्षं आपण भांडलो, आणि दोघींनाही आपापल्या जागी बसवणारा माणूस निघाला तो खांदा उतरलेल्या कोटातला. तीन मापं तयार ठेवायची, आणि गिऱ्हाईक आलं की ज्याच्या त्याच्या अंगावर बेतून द्यायची. एवढं साधं होतं. कुणालाच कसं सुचलं नाही गं?

तुला बसमध्ये पाय लांब करता येत नाही ना? तुझ्या लेकीने गाडीची मागची अख्खी सीट तुझ्यासाठी ठरवली आहे. पाय लांब कर, लोळ, हवं तर भांडत ये. माप दुसऱ्याचं चालत नाही. इथे येऊनच द्यावं लागतं.

कात्री


११ डिसेंबर
हॉस्पिटल, खालचा बाक

ताई,

वर एकीलाच सोडतात, म्हणून तुझी लेक वर आहे आणि मी खाली. तू शुद्धीवर आलीस की ती ही चिठ्ठी तुला देईल. तीन महिने आपण एका घरात राहतोय आणि तरी मला तुला चिठ्ठी लिहावी लागते, कारण काही गोष्टी तुझ्या तोंडावर बोलायला गेले की तू विषय बदलतेस.

तू आलीस त्या दिवसाचं बोलायचं आहे. तू गाडीतून उतरलीस, पाठमोरी, नेहमीसारखी. मी दारात उभी होते, काठीशिवाय, तुला दाखवायला. किती दिवस पाठ केलं होतं काय काय बोलायचं ते. तू वळलीस, म्हणालीस, "बरं आहे ना?" मी म्हटलं, "बरं आहे." झालं! मला वाटलं, आता हिच्या हातात फोन असता तर हिने ठेवला असता.

आणि मग तू खाली माझ्या पायांकडे पाहिलंस. गुडघ्याकडे नाही, त्याच्याही खाली.

"ही दुमड कुणी घातली?"

"रेडिमेड आहे."

"दिसतंच आहे," म्हणालीस, आणि पाणीसुद्धा न पिता सुईदोरा मागितलास. मी खुर्चीवर उभी राहायला तयार होते, तू ओरडलीस. म्हणून तू पलंगावर बसलीस आणि मी माझा नवा पाय तुझ्या मांडीवर लांब केला. टाचण्या ओठांत धरून तू म्हणालीस, "हलू नकोस, टोचेल." ताई, मी हलत नव्हते. मी रडत होते, आणि ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू मान वर केली नाहीस. घरातल्या सगळ्या विजारी त्या दिवशी संपवल्यास.

एवढंच सांगायचं होतं. तुला साचा लागला नाही, हाड सरळ निघालं, साध्या अवजारांनी करताहेत. सरळ असणारच. भिंतीवर तू कधी चढलीच नव्हतीस.

डॉक्टरांचा कोट मी बेतून ठेवला आहे. उंच माणसाचं माप घ्यायला मला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत, तेच वाकले. खांदे तू शिवायचे आहेस. मशीनला तेल घातलं आहे. घाई नाही, सहा महिने आहेत.

आता डॉक्टर खाली आले, हसताहेत, म्हणजे सगळं ठीक आहे. मी त्यांना काही विचारलं नाही. मला तुझ्या हातचंच उत्तर हवं आहे. तू मला कार्ड पाठवलं होतंस तेवढ्याच शब्दांत विचारते, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून पाठव.

कितवा नंबर?